फाइल आणि संग्रह : जुनी छायाचित्रे, पोस्टरे, पुस्तके आणि चित्रपट डिजिटल रूपात जमवताना

‘आलम आरा’ हा भारतातला पहिला बोलपट 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. आज तो कोणालाही पाहता येत नाही, कारण त्याची एकही प्रत उरलेली नाही. तरीही त्यात कोणी काम केले, गाणी किती होती, नटांचे वेश कसे होते आणि जाहिरात कशी झाली, एवढे आपण बऱ्यापैकी खात्रीने सांगू शकतो. हे ज्ञान वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, काही स्थिरचित्रे आणि प्रेक्षकांसाठी छापलेली पुस्तिका यांच्यामुळे टिकले. खेळ संपल्यावर ज्याची रद्दी व्हायची, त्या कागदाने मुख्य वस्तूपेक्षा जास्त आयुष्य काढले.

जुन्या वस्तूंचा डिजिटल संग्रह करणाऱ्याने ही गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी. काय मोलाचे ठरेल हे आधी कळत नाही, आणि पुढे मोलाचे ठरते ते बहुधा कडेला पडलेले असते. पोस्टराच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले छापखान्याचे नाव, फोटोच्या पाठीवरचा स्टुडिओचा शिक्का, पुस्तकाच्या शेवटी दिलेली त्याच प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची यादी, यांपैकी काहीही पुढे निर्णायक पुरावा ठरू शकते. आजकाल अशा वस्तूंच्या हजारो फाइली एका बोटावर मोबाइलमध्ये येऊन पडतात. त्यामुळे जमवणे सोपे झाले आहे, पण जमवलेल्याचा संग्रह करणे तितकेच अवघड राहिले आहे. हे अवघड काम कोणते, ते या लेखात पाहू.

मूळ वस्तू का नष्ट होतात?

सुमारे 1950 पर्यंतचे चित्रपट नायट्रेट फिल्मवर असत. ही फिल्म अतिशय ज्वालाग्राही असते. जळताना तिच्यातूनच ऑक्सिजन बाहेर पडत असल्याने ती पाण्याखालीही जळत राहते. आग लागली नाही तरी ती आपोआप कुजते, आधी चिकट होते आणि शेवटी तिची पूड होते. पुण्यात 2003 च्या जानेवारीत लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. त्यात 600 हून अधिक चित्रपटांची रिळे होती. ज्यांच्या नकला आधीच सेफ्टी फिल्मवर काढून ठेवल्या होत्या, ते चित्रपट आशयाच्या रूपाने वाचले. नायट्रेटनंतर आलेल्या या ॲसिटेटच्या ‘सुरक्षित’ फिल्मलाही स्वतःचे दुखणे आहे. उष्णता आणि दमट हवा यांमुळे तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटू लागते, डबा उघडताच व्हिनेगरचा उग्र वास येतो आणि फिल्म आकसून वेडीवाकडी होते. कोकणपट्टीच्या हवेत ही क्रिया किती वेगाने होत असेल, हे सांगायला रसायनशास्त्रज्ञ लागत नाही.

कागदाची कहाणी थोडी उलटी आहे. जितके पुस्तक जुने तितके ते खराब, असे आपण धरून चालतो, पण 1850 च्या सुमारास चिंध्यांच्या लगद्यापासून केलेल्या कागदावर छापलेले पुस्तक पुष्कळदा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या पुस्तकापेक्षा चांगल्या स्थितीत आढळते. लाकडाच्या लगद्याच्या कागदात आम्ल तयार होते, पाने तपकिरी पडतात आणि कोपरा दुमडताच त्याचा तुकडा हातात येतो. त्यामुळे विसाव्या शतकातली स्वस्त मासिके, नाटकांच्या जाहिराती आणि गाण्यांची चोपडी यांना एकोणिसाव्या शतकातल्या ग्रंथांपेक्षा जास्त धोका आहे, आणि ज्याला कुठून तरी सुरुवात करायची आहे त्याने ती इथून करावी, असे माझे मत आहे.

नकलेमुळे काय वाचते, याचा मराठीतला एक जुना धडा गोव्यातला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले आणि सतराव्या शतकात त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. त्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज हाती नाही. काव्य उरले ते लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे. ओळ न ओळ नकलून ठेवणाऱ्या त्या माणसांचेच काम आज स्कॅनर करतो.

स्कॅन म्हणजे नेमके काय?

स्कॅनर चित्राचे बारीक चौकोनी ठिपक्यांत विभाजन करतो आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग आकड्यांत नोंदवतो. एका इंचात किती ठिपके मोजले, त्या आकड्याला डीपीआय म्हणतात. उदाहरणार्थ, सहा इंच लांब आणि चार इंच रुंद फोटो 600 डीपीआयवर स्कॅन केला, तर 3,600 गुणिले 2,400 म्हणजे 86,40,000 ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांसाठी एकेक बाइट धरली, तर फाइल सुमारे 26 मेगाबाइटची होते. हाच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला की पलीकडे पोचणारी फाइल बहुधा एक मेगाबाइटचीही नसते. फोनच्या पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात, पण मागच्या ओळीत उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा मोठा करून पाहिला की पहिल्या फाइलमध्ये नाक-डोळे दिसतात आणि दुसरीत नुसता डाग उरतो. दुकानाची पाटी, भिंतीवरचे कॅलेंडर आणि छातीवरचा बिल्ला यांच्या बाबतीतही हाच अनुभव येतो, आणि फोटोचा काळ नेमका अशाच तपशिलांवरून ठरतो.

म्हणून संग्रहात दोन प्रती असाव्यात. पहिली मूळ स्कॅनची प्रत टिफ या प्रकारात ठेवावी, कारण हा प्रकार सहसा कोणतीही माहिती गाळत नाही. या प्रतीला हात लावायचा नाही. कातरणे, उजळवणे, ओरखडे काढणे हे सारे दुसऱ्या, वापरायच्या प्रतीवर करावे आणि ती जेपेग या प्रकारात असली तरी चालते. जेपेग जागा वाचवण्यासाठी बारीक फरक टाकून देते आणि फाइलमध्ये बदल करून ती पुन्हा साठवली की पुन्हा थोडे टाकून देते. छापील फोटोला 600 डीपीआय पुरतात. 35 मिलिमीटरच्या निगेटिव्हचा आकार इतका लहान असतो की तिला 3,000 ते 4,000 डीपीआय लागतात. पुस्तकाच्या मजकुराला 300 ते 400 डीपीआय पुरेसे असले, तरी तळटिपा किंवा पंचांगातली कोष्टके असतील तर त्याहून वर जावे.

पुस्तकांच्या बाबतीत एक चूक फार मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. सरकारी पाठबळाने चाललेल्या ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पात लाखो भारतीय पुस्तके स्कॅन झाली, त्यांत हजारो मराठी होती, आणि त्यांतली मोठी संख्या आज इंटरनेट अर्काइव्हवर मोफत वाचता येते. त्या कामाचे मोल मोठे आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. परंतु जागा वाचवण्यासाठी पाने निव्वळ काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत साठवली गेली आणि मधल्या करड्या छटा ठेवल्या गेल्या नाहीत. इंग्रजीत याने फार बिघडत नाही, पण देवनागरीत ठिपक्यालाच अर्थ असतो. पिवळ्या पडलेल्या पानावर धुळीचा कण अनुस्वार होऊन बसतो आणि खरा अनुस्वार डाग समजून पुसला जातो. जुन्या मराठी छपाईत ‘केलें’, ‘त्यानें’, ‘करणें’ असे अनुस्वार ओळीओळीत असत, त्यामुळे हानी थोडीथोडकी नाही. काही पाने गळलेली आहेत, काहींवर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा आला आहे, आणि पुस्तकाचे नाव रोमन लिपीत चुकीच्या वर्णांनी लिहिलेले असल्याने शोधून सापडत नाही ते वेगळेच. म्हणून घरी पुस्तक स्कॅन करणाऱ्याने पाने रंगीत साठवावीत. साठवणुकीची जागा आता इतकी स्वस्त झाली आहे की तिच्यासाठी अनुस्वार गमावण्याचे कारण उरलेले नाही.

जुन्या बांधणीचे पुस्तक सपाट काचेवर दाबून उघडले की पाठीची शिवण तुटते. अशा पुस्तकांसाठी स्कॅनरऐवजी वरून रोखलेला कॅमेरा आणि पुस्तक अर्धवटच उघडून ठेवता येईल असा इंग्रजी व्ही अक्षरासारखा टेकू वापरतात. पाने आपोआप ओढून घेणाऱ्या यंत्रात जुना फोटो किंवा कागद कधीही घालू नये.

चित्रपटाच्या स्कॅनचा हिशेब वेगळ्याच पातळीवरचा आहे. बोलपटात सेकंदाला 24 चौकटी असतात, म्हणजे दोन तासांच्या चित्रपटात 1,72,800 चौकटी झाल्या. संग्रहालये चार-के, म्हणजे चौकटीच्या रुंदीत सुमारे चार हजार ठिपके, या दर्जाने स्कॅन करतात तेव्हा एकेक चौकट सुमारे 51 मेगाबाइटची असते, आणि मग एका चित्रपटाचा कच्चा साठा जवळपास पावणेनऊ टेराबाइट भरतो. यूट्यूबवर पाहतो तो चित्रपट एक-दोन गिगाबाइटचा असतो. मूकपटांत आणखी एक गुंता आहे. ते सेकंदाला 16 ते 20 चौकटींच्या आसपासच्या वेगाने चित्रित होत आणि वेग कॅमेऱ्याचा दांडा फिरवणाऱ्याच्या हातावर अवलंबून असे. तीच फिल्म पुढे 24 च्या वेगाने चालवली की माणसे तुरुतुरु पळताना दिसतात. जुन्या काळचे लोक असे चालत नव्हते, दोष प्रतीचा असतो. घरगुती संग्राहकाने मूळ फिल्म स्वतः प्रोजेक्टरवर चालवून पाहण्याच्या फंदात पडू नये. आकसलेली फिल्म दात्यांत अडकून फाटते, आणि डब्यातली फिल्म नायट्रेट असेल तर तो थेट अग्निशमनाचा विषय आहे. अशी रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्थेला कळवावीत. 1964 मध्ये स्थापन झालेले हे संग्रहालय 2022 पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या छत्राखाली आले आहे.

नोंद नसेल तर फाइल मुकी

फाइल म्हणजे संग्रह नव्हे, असे म्हणण्यामागचे मुख्य कारण नोंद हे आहे. हे काम कंटाळवाणे असते, दिसत नाही, त्याचे कोणी कौतुकही करत नाही, आणि ते झाले नाही तर बाकीचे सारे वाया जाते.

रवि वर्मा प्रेसची चित्रे पाहा. राजा रविवर्म्यांच्या देवादिकांच्या चित्रांच्या शिळाछाप प्रती घराघरांत गेल्या. प्रेस 1894 मध्ये मुंबईजवळ घाटकोपरला निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. त्याच चित्रांच्या छपाया कित्येक दशके निघत राहिल्या. म्हणजे ‘रविवर्म्यांचे लक्ष्मीचे चित्र’ एवढे म्हटल्याने मूळ तैलचित्र कधीचे तेवढेच कळते, हातातला कागद कधी छापला हे कळत नाही. ते ठरवण्याचा मुख्य आधार म्हणजे चित्राच्या खालच्या पांढऱ्या पट्टीतली बारीक ओळ. तिथे प्रेसचे नाव असते आणि पुष्कळ प्रतींवर ‘कार्ला-लोणावळा’ असा पत्ताही असतो. इंटरनेटवर फिरणाऱ्या बहुतेक फाइलींमध्ये नेमकी हीच पट्टी सुबकपणासाठी कापून टाकलेली असते. फ्रेम बनवणाऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी कात्रीने जे केले, तेच आपण आता माउसने करतो आहोत. म्हणून स्कॅन करताना वस्तूच्या चारही कडा दिसतील आणि कडेबाहेरची थोडी मोकळी जागाही येईल, असेच करावे.

चित्रपटांच्या पोस्टरांबाबत घोटाळा आणखी सहज होतो. बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ 1925 मध्ये मूकपट म्हणून काढला आणि 1936 मध्ये त्याच नावाचा बोलपट केला. नाव तेच आणि दिग्दर्शकही तोच. फाइलीला नुसते ‘सावकारी पाश पोस्टर’ असे नाव दिले, तर ती अकरा वर्षांच्या अंतराने निघालेल्या दोन वेगळ्या चित्रपटांत लोंबकळत राहते. ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट प्रभातने 1932 मध्ये काढला आणि सोबतच तो हिंदीतही चित्रित केला. दोन्हींत मुख्य कलाकार तेच असल्याने एखादे स्थिरचित्र कोणत्या आवृत्तीतले हे केवळ पाहून सांगणे कठीण असते. ‘राजा हरिश्चंद्र’ची गोष्ट तर सर्वांना माहीत असायला हवी. दादासाहेब फाळक्यांचा हा चित्रपट 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात प्रदर्शित झाला. तो चार रिळांचा होता आणि आज आपल्याकडे त्यातली सगळी रिळे नाहीत. जी आहेत ती 1913 चीच की फाळक्यांनी 1917 मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीतली, असा प्रश्न चित्रपट-इतिहासकारांनी पुराव्यानिशी उपस्थित केला आहे. देशातल्या सर्वांत प्रसिद्ध चित्रपटाच्या बाबतीत एवढी शंका असेल, तर ‘जुना मराठी सिनेमा’ अशा नावाने आपल्या फोनमध्ये पडलेल्या फाइलींची अवस्था काय असेल, याचा अंदाज करावा.

मग नोंदीत काय लिहायचे? वस्तू काय आहे, तिचे लांबी-रुंदीचे माप, तिच्यावर छापलेला आणि हाताने लिहिलेला सगळा मजकूर जसाच्या तसा, ती कोणाकडून आणि कधी मिळाली, मूळ वस्तू सध्या कुठे आहे, स्कॅन कोणी आणि किती डीपीआयवर केले, आणि साल कशावरून ठरवले. शेवटचा मुद्दा सर्वांत जास्त वगळला जातो. ‘1940’ एवढेच लिहिले तर ते छापलेले आहे, कोणा आजोबांनी सांगितले की आपणच साडीच्या काठावरून ताडले, हे पुढच्याला कळत नाही. ‘सुमारे 1940, पाठीवरच्या स्टुडिओच्या शिक्क्यावरून’ असे लिहिले की पुढचा माणूस ते तपासू शकतो आणि गरज पडल्यास खोडूही शकतो. अंदाज करण्यात काही वावगे नाही, पण अंदाज आहे हे लिहून ठेवले पाहिजे.

कौटुंबिक फोटोंना हाच नियम लागू होतो. फोटोची पाठ स्वतंत्र स्कॅन करावी आणि दोन्ही फाइलींना एकच क्रमांक द्यावा. काळ्या पानांच्या अल्बममधून फोटो सोडवण्यापूर्वी अख्ख्या पानाचा एक फोटो घ्यावा, कारण कोणत्या फोटोशेजारी कोणता लावला होता ही सुद्धा माहितीच असते. लग्नाच्या फोटोतली माणसे ओळखणारी आत्या किंवा मावशी हयात असेल, तर स्कॅनर विकत घेण्याआधी तिच्याकडे जाऊन बसावे. डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचे पूर्ण नाव लिहून घ्यावे, कारण ‘बाळूकाका’ आणि ‘ताई’ या नावांनी तिसऱ्या पिढीला काहीच कळत नाही.

अलीकडे एक नवे संकट आले आहे. जुना धूसर फोटो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला दिला की तो लख्ख आणि रंगीत होऊन परत येतो. त्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, पापण्या आणि शालूचा रंग हे सारे यंत्राने अंदाजाने घातलेले असते. मूळ फोटोत ती माहिती नव्हतीच. घरात टांगायला असे चित्र कोणी केले तर तक्रार नाही. परंतु ते मूळ म्हणून संग्रहात शिरले आणि पुढे पुस्तकात छापले गेले, तर खोट्याला खऱ्याचा दाखला मिळतो. अशा फाइलीच्या नावातच ‘यंत्राने रंगवलेले’ असे लिहावे.

शोधताना

मराठी मजकूर शोधण्यात काही खास अडचणी आहेत. अक्षर ओळखणारी ओसीआर साधने आता देवनागरी बऱ्यापैकी वाचतात, पण खिळ्यांची जुनी छपाई, जुन्या वळणाचे अ, झ, ण आणि फुटलेली जोडाक्षरे यांपुढे ती अडखळतात. मोडी लिपीतल्या दफ्तरांना तर अजूनही जाणकार माणूसच लागतो. ओसीआर अचूक झाले तरी शुद्धलेखन आड येते. मराठी साहित्य महामंडळाचे नियम 1962 मध्ये आले आणि ‘केलें’चे ‘केले’ झाले. त्याआधीच्या पुस्तकात ‘पाहिले’ शोधल्यास हवे ते सापडेलच असे नाही, ‘पाहिलें’ही शोधावे लागते. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच ठरलेला आकडा देणारी पद्धत, रूढ होण्यापूर्वी संगणकावर टंकलेल्या मजकुराचे दुखणे याहून वेगळे आहे. तो ज्या फॉन्टमध्ये टंकला तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर इंग्रजी चिन्हांचा खिचडा दिसतो, आणि शोधयंत्राला तर नेहमी तो खिचडाच दिसतो. अशा फाइली युनिकोडमध्ये आणून ठेवाव्यात आणि मूळ फाइलही सोबत राहू द्यावी.

कुठे शोधावे, हे थोडक्यात सांगतो. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने ‘ग्रंथ संजीवनी’ या नावाने आपल्या दुर्मीळ ग्रंथांचा आणि नकाशांचा डिजिटल संग्रह उभा केला आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्द घालून शोधता येतो. जुनी गॅझेटियरे, म्हणजे जिल्ह्यांची सरकारी माहितीपुस्तके, अनेक ठिकाणी उपलब्ध आहेत. मराठी विकिस्रोतावर अधिकारमुक्त पुस्तके टंकून आणि तपासून ठेवली जातात. तिथे स्कॅन केलेले पान आणि टंकलेला मजकूर शेजारीशेजारी दिसत असल्याने चूक पकडता येते, आणि ही सोय मला सर्वांत प्रामाणिक वाटते. कुठूनही फाइल उतरवली की तिचा पूर्ण पत्ता आणि उतरवल्याची तारीख लगेच नोंदवावी. नंतर लिहू म्हटलेले नंतर कधीच लिहिले जात नाही.

हक्काचा प्रश्न

जुने म्हणजे फुकट, हा समज चुकीचा आहे, आणि काहीच वापरता येत नाही ही भीतीही चुकीची आहे. भारतात 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या पुस्तकावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे राहतो आणि ती वर्षे मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. पूर्वी ही मुदत 50 वर्षे होती. रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्यावरचा हक्क संपत आला तेव्हा ती 10 वर्षांनी वाढवली गेली. या हिशेबाने 1950 मध्ये वारलेल्या साने गुरुजींचे लेखन 2011 च्या आरंभी मुक्त झाले, 1969 मध्ये वारलेल्या आचार्य अत्र्यांचे 2030 च्या आरंभी होईल आणि पु. ल. देशपांड्यांच्या लेखनासाठी 2061 उजाडावे लागेल. पुस्तक जुने आणि बाजारात मिळत नाही, एवढ्याने हक्क संपत नाही. शिवाय एकाच पुस्तकात लेखक, अनुवादक, प्रस्तावनाकार आणि मुखपृष्ठाचा चित्रकार या प्रत्येकाचा हिशेब वेगळा असतो.

चित्रपटाची मोजणी माणसाच्या मृत्यूपासून होत नाही, ती प्रकाशनापासून होते. 1960 मध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रपटावरचा हक्क 2020 च्या अखेरीस संपला. परंतु त्यातल्या गाण्यांचे शब्द आणि संगीत ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र कृती आहे आणि तिची मुदत गीतकार व संगीतकार यांच्या मृत्यूवरून ठरते. छायाचित्रांचा नियम 2012 च्या दुरुस्तीने बदलला. पूर्वी त्यांची मुदत प्रकाशनापासून मोजत, आता ती छायाचित्रकाराच्या आयुष्यावरून मोजतात. त्यामुळे गेल्या शतकाच्या मध्यातल्या अनोळखी स्टुडिओच्या फोटोबाबत छातीठोक उत्तर देणे कठीण असते. एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रांबाबत असा प्रश्न उरत नाही. 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली, त्या पहिल्या पिढीचे काम केव्हाच सार्वजनिक झाले आहे.

आणखी एक भेद नेहमी विसरला जातो. मुंबईच्या चोर बाजारात पैसे मोजून पोस्टर विकत घेतले म्हणजे कागद आपला झाला, त्यावरचे चित्र छापून विकण्याचा हक्क आपला झाला नाही. स्वतःच्या अभ्यासासाठी प्रत ठेवायला कायदा मोकळीक देतो. ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयांनाही आपल्याकडच्या कागदी पुस्तकाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते. तीच प्रत सर्वांसाठी जालावर टाकणे ही वेगळी कृती आहे आणि तिथे हक्क तपासावाच लागतो. हक्क कोणाचा हे शोधूनही कळले नाही, तर फाइल आपल्यापाशी ठेवावी आणि यादीत तिची नोंद सर्वांना पाहता येईल अशी करावी. वस्तू अस्तित्वात आहे, एवढे कळले तरी अभ्यासकाचे अर्धे काम होते.

साठवण

कागद हळूहळू पिवळा पडतो, पण हार्ड डिस्क आदल्या दिवसापर्यंत नीट चालते आणि दुसऱ्या दिवशी उघडतच नाही. यासाठी सर्वत्र पाळला जाणारा नियम असा की प्रत्येक फाइलच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी असावी. एक प्रत एका खोलीत आणि दुसरी शेजारच्या खोलीत, ही दोन ठिकाणे होत नाहीत, कारण पुराचे पाणी दोन्ही खोल्यांत एकदमच शिरते. फाइलीतली एखादी बाइट बिघडली तर ते डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी चेकसम नावाची सोय वापरतात. संगणक प्रत्येक फाइलवरून एक लांबलचक आकडा काढतो आणि फाइलीत जरासाही बदल झाला तरी तो आकडा बदलतो. हे आकडे यादीत लिहून ठेवून वर्षाकाठी एकदा पडताळले की कोणती प्रत खराब झाली ते कळते आणि दुसऱ्या प्रतीवरून ती पुन्हा करता येते. डिस्क दर काही वर्षांनी बदलावी, बंद पडण्याची वाट पाहू नये.

फाइलींची नावेही आधी ठरवून घ्यावीत. वस्तूचा प्रकार, साल आणि क्रमांक असे साधे नाव पुरते, उदाहरणार्थ ‘पोस्टर-1936-0042-पुढची-बाजू’. बाकीची माहिती एका तक्त्यात असावी आणि तो तक्ता कोणत्याही संगणकावर उघडेल अशा साध्या मजकुराच्या प्रकारात साठवावा. महागडे खास सॉफ्टवेअर घेऊन त्यात सगळे भरले आणि ती कंपनी बंद पडली, म्हणजे नोंदी असूनही नसल्यासारख्या होतात.

स्कॅन झाल्यावर मूळ वस्तू टाकून द्यावी का, असे पुष्कळजण विचारतात. टाकू नये. शिळाछाप पोस्टरावर रंगांचे थर कसे बसले आहेत, कागद कसला आहे, फोटो अल्ब्युमिनच्या कागदावरचा की जिलेटिनच्या (हे फोटोच्या कागदाचे दोन जुने प्रकार), हे प्रश्न पुढे कोणी विचारील आणि त्यांची उत्तरे फाइलीत नसतील. घरात जागा नसेल तर वस्तू संस्थेला द्यावी, पण देण्याआधी दोन गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात. पहिली म्हणजे संग्रह एकत्र राहील की विषयवार विखुरला जाईल, आणि दुसरी म्हणजे डिजिटल प्रती कोणाला आणि कोणत्या अटींवर पाहता येतील. डिस्क आणि क्लाउड खात्यांची माहिती, तक्त्याची एक छापील प्रत आणि ज्यांनी नावे ओळखून दिली त्यांची यादी हे सारे वस्तूंसोबत एकाच पेटीत द्यावे, आणि पेटी स्वीकारणाऱ्याची सही असलेली पोच घरच्यांपैकी निदान एकाकडे राहील असे पाहावे.